विद्युत-अपघटनाचे रसायनशास्त्र आणि यवतमाळ जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त भूजल

बीजसंज्ञा : विद्युत-अपघटन, फॅरेडेचे नियम, धनाग्र, ऋणाग्र, भूजल, फ्लोराइड, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, अधिशोषण.

प्रस्तावना

विद्युत-अपघटन हे प्रकरण शालेय पाठ्यपुस्तकापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत विद्यार्थ्यांची सोबत करते. विद्यार्थी फॅरेडेचे दोन नियम पाठ करतात, तांब्याच्या कांडीवर किती ग्रॅम तांबे साचेल याची चार उदाहरणे सोडवतात आणि परीक्षा संपली की प्रकरण मिटते. मात्र वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या आपल्या जिल्ह्यात या प्रकरणाचा संबंध थेट पिण्याच्या पाण्याशी पोहोचतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, वणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे व कोलामांचे पोड हातपंपाच्या पाण्यावर अवलंबून राहिले, आणि त्यांपैकी काही ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराइडविषयीचा शोधनिबंध २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा हा प्रश्न अभ्यासकांच्या व्यापक वर्तुळात पोहोचला. पाण्यातील हे फ्लोराइड काढून टाकण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग विद्युत-अपघटनाचा आहे. त्या मार्गाचे रसायनशास्त्र समजावून घ्यावे, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे अडतो याचा अंदाज घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेखात विवेचन केले आहे.

विद्युत-अपघटनाची मूलतत्त्वे

इ. स. १८०० मध्ये व्होल्टाने आपला विद्युत-चितीचा शोध जाहीर केला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकोल्सन व कार्लाइल यांनी त्या प्रवाहाने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन घटक वेगळे केले. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून पोटॅशियम व सोडियम हे धातू मिळविले. या साऱ्या प्रयोगांना गणिती शिस्त लावली ती मायकेल फॅरेडेने, १८३३-३४ च्या सुमारास.

मूळ कल्पना साधी आहे. क्षार पाण्यात विरघळला किंवा उष्णतेने वितळला की त्यातील धन आयन व ऋण आयन हालचालीस मोकळे होतात. अशा द्रवात दोन विद्युताग्रे बुडवून ती एकदिश प्रवाहाच्या स्रोतास जोडली असता धन आयन ऋणाग्राकडे आणि ऋण आयन धनाग्राकडे सरकू लागतात. ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणून तेथे क्षपण होते. धनाग्रावर इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, म्हणून तेथे ऑक्सिडीकरण होते. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणातून मात्र आयन वाहतात. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनात पुरेसा ठसत नाही असा अध्यापनाचा अनुभव आहे.

येथे परिभाषेविषयी थोडे बोलणे अवश्य वाटते. 'धनाग्र' व 'ऋणाग्र' हे आपले शब्द सुटसुटीत आहेत, पण त्यांच्या पोटातच धन-ऋण ही चिन्हे दडलेली असल्यामुळे एक घोटाळा होतो. विद्युत-अपघटनी घटात ऑक्सिडीकरणाचे अग्र धन असते. टॉर्चच्या कोरड्या घटात मात्र ऑक्सिडीकरण जस्ताच्या डब्यावर होते आणि तो डबा ऋण असतो. म्हणून चिन्हावरून नव्हे, तर अभिक्रियेवरून अग्र ओळखावे, असे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगितलेले बरे.

शुद्ध पाण्यात आयनांची संख्या नगण्य असते, त्यामुळे त्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी शुद्ध नसते. त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड यांचे आयन असतात आणि तेच विजेचे वहन करतात. पुढे ज्या प्रक्रियेचा विचार करायचा आहे, तिच्यात पाण्यात वेगळे मीठ सहसा टाकावे लागत नाही, ते यामुळेच.

द्रावणात एकाहून अधिक प्रकारचे आयन असले तर अग्रावर कोणाची पाळी आधी? सामान्यतः ज्याचे ऑक्सिडीकरण किंवा क्षपण कमी विभवाला होते, त्याची. परंतु हा नियम नेहमी निमूटपणे चालत नाही. मिठाच्या संहत द्रावणात धनाग्रावर हिशेबाप्रमाणे ऑक्सिजन आधी निघावयास हवा, प्रत्यक्षात क्लोरीन निघतो. कारण ऑक्सिजन मुक्त होण्यास अग्राच्या पृष्ठभागावर जादा विभव, म्हणजे अतिविभव, खर्ची पडते. सारा क्लोरीन उद्योग या एका अपवादावर उभा आहे.

धनाग्र स्वतः कशाचे आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. मोरचुदाच्या द्रावणात प्लॅटिनमचे धनाग्र ठेवले तर तेथे ऑक्सिजन निघतो आणि द्रावणाचा निळा रंग हळूहळू फिका होतो. त्याऐवजी तांब्याचे धनाग्र ठेवले तर तांबेच विरघळून आयनरूपाने द्रावणात येते, तेवढेच तांबे ऋणाग्रावर साचते आणि निळा रंग आहे तसा राहतो. म्हणजे धनाग्र निष्क्रिय असू शकते, किंवा स्वतः झिजून अभिक्रियेत भाग घेणारे असू शकते. हा दुसरा प्रकार प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

या ठिकाणी एका फसव्या प्रात्यक्षिकाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जलशुद्धीकरण यंत्राचे काही विक्रेते घरोघरी एक लहानसे उपकरण घेऊन फिरतात. नळाच्या पाण्याच्या पेल्यात त्याच्या धातूच्या कांड्या बुडवून वीज सुरू केली की मिनिटाभरात पाणी गढूळ, तपकिरी, कधी हिरवट काळे होते, शेजारच्या आर.ओ.च्या पाण्याच्या पेल्यात काहीच घडत नाही. "बघा, तुम्ही काय पिता!" असे म्हटले की गृहिणी घाबरून जाते. वस्तुतः तो साका पाण्यातला नसतोच. लोखंडाची कांडी धनाग्र म्हणून झिजते, लोहाचे आयन पाण्यातील हायड्रॉक्साइडशी संयोग पावतात आणि लोह हायड्रॉक्साइडचा, म्हणजे साध्या भाषेत गंजाचा, साका दिसतो. आर.ओ.च्या पाण्यात आयन फार थोडे असल्यामुळे प्रवाहच वाहत नाही. त्या 'शुद्ध' पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करावयास सांगावे, म्हणजे तेही पाणी तसेच रंगते. पाण्यात फ्लोराइड आहे की नाही याचा या प्रयोगावरून काहीही बोध होत नाही.

फॅरेडेचे नियम

मुक्त किंवा विरघळलेल्या पदार्थाचे वस्तुमान हे वाहिलेल्या विद्युतप्रभाराच्या समप्रमाणात असते, हा पहिला नियम. समान प्रभाराने निरनिराळ्या पदार्थांची जी वस्तुमाने मिळतात ती त्यांच्या सममूल्यभारांच्या प्रमाणात असतात, हा दुसरा. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम भरतो. ॲल्युमिनियमची संयुजा ३, अणुभार २७. म्हणून २७ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळण्यास सुमारे २,८९,४५५ कूलोम लागतात. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर ३,६०० कूलोम प्रभार जातो आणि ०.३३६ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते. हा आकडा पुढे लागणार आहे.

काही प्रचलित उपयोग

विद्युत-अपघटनाच्या औद्योगिक उपयोगांची यादी मोठी आहे; येथे आपल्या परिचयातील थोडे पुरेत. तांब्याच्या तारा ज्या धातूपासून ओढतात ते तांबे विद्युत-अपघटनानेच शुद्ध केलेले असते. दागिन्यांवरील सोन्याचा आणि भांड्यांवरील चांदीचा मुलामा विद्युत-विलेपनाने चढतो. इन्व्हर्टरची बॅटरी प्रभारित होत असतानाही आत विद्युत-अपघटनच चालते. प्रभारण अति झाले की पाण्याचे अपघटन होऊन वायू निघतात, पातळी घटते आणि डिस्टिल्ड वॉटर टाकावे लागते.

ग्रामपंचायतीचा कर्मचारी विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती विरंजक चूर्ण होय. कळीच्या चुन्यात पाणी मुरवून फोडलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनते आणि हा क्लोरीन मिठाच्या द्रावणाच्या विद्युत-अपघटनातून येतो. त्याच घटात सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा व हायड्रोजनही मिळतात. पूर्वी या उद्योगात पाऱ्याचे ऋणाग्र वापरीत. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे भारतीय कारखान्यांनी पुढे पटल-घटांचा स्वीकार केला. पाण्यापासून हायड्रोजन मिळविण्याच्या जुन्या प्रयोगालाही आता नवे महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे.

ॲल्युमिनियमची निर्मिती थोडी सविस्तर पाहू, कारण तिच्यात आपल्या विषयाचे एक बीज आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे एकच पद्धत शोधली. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड २००० अंश सेल्सिअसच्याही वर वितळते. पण वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ते सुमारे ९६० अंशाला विरघळते आणि मग त्याचे विद्युत-अपघटन करता येते. क्रायोलाइट म्हणजे सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरीन यांचे संयुग. ॲल्युमिनियम आणि फ्लोराइड यांची परस्परांविषयीची ओढ अशी जुनी आहे. भट्टीत जी ओढ धातू मिळविण्याच्या कामी येते, तीच पाण्यातून फ्लोराइड उचलण्याच्या कामी येते.

भूजलात फ्लोराइड का वाढते?

जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापला आहे; पूर्वेकडे वणी, झरी-जामणीच्या बाजूस चुनखडी, शेल आणि कोळसाधारक गोंडवाना खडक आढळतात. उथळ विहिरीचे पाणी खडकाच्या सहवासात थोडा काळ असते. खोल कूपनलिकेचे पाणी दीर्घकाळ मुरलेले असते, त्यातील कॅल्शियमची जागा सोडियम घेत जाते, पाणी अल्कधर्मी बनते आणि खनिजांतील फ्लोराइड त्यात उतरते. एकाच गावात विहिरीचे पाणी चांगले आणि हातपंपाचे वाईट, असे चित्र यातून निर्माण होऊ शकते.

कॅल्शियमचा येथे निर्णायक संबंध आहे. कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात अत्यल्प विरघळते. त्याचा द्राव्यता गुणाकार सुमारे ३.५ गुणिले १० चा उणे ११ वा घात इतका आहे. पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर या हिशेबाने फ्लोराइड सुमारे २.२ मिलिग्रॅमच्या वर टिकू शकत नाही, त्याचा साका होतो. कॅल्शियम २० मिलिग्रॅमच असेल तर हीच मर्यादा ५ मिलिग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे जे पाणी 'मऊ' लागते, ज्यात डाळ चांगली शिजते आणि साबणाला फेस येतो, त्यातच फ्लोराइडचा धोका अधिक असू शकतो. चवीवरून, रंगावरून, वासावरून तो कळत नाही. पाणी उकळल्यानेही फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तेवढे ते उलट संहत होते.

भारतीय मानक आय. एस. १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मर्यादा ओलांडलेले पाणी लहानपणी, कायमचे दात घडत असण्याच्या वयात, पोटात गेले तर दातांवर पांढरे, पुढे तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षे अधिक प्रमाणात गेले तर हाडे व सांधे ताठरतात, पाठ वाकते. सांगाड्यात झालेला हा बदल औषधाने पूर्ववत होत नाही. म्हणून उपाय करावयाचा तो पाण्यातच.

चुना का पुरत नाही?

वणी परिसरात चुनखडी विपुल आहे. तेव्हा पाण्यात चुना टाकून फ्लोराइडचा साका करावा, हा विचार सहज सुचतो. पण वरचाच हिशेब उलट करून पाहावा. फ्लोराइड १ मिलिग्रॅमवर आणावयाचे तर पाण्यात लिटरला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम शिल्लक असावे लागेल. मानकानुसार कॅल्शियमची मुभाच २०० मिलिग्रॅमपर्यंत आहे. एक दोष घालविताना दुसरा पदरात पडतो, म्हणून केवळ चुन्याने काम भागत नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, १९७० च्या दशकात विकसित केलेली 'नालगोंडा पद्धती' यासाठीच तुरटीकडे वळली. फ्लोराइडयुक्त पाण्यात चुना आणि तुरटी ठरावीक प्रमाणात मिसळून ढवळले की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना चिकटते आणि गाळ खाली बसतो. पद्धत स्वस्त आहे, घरच्या बादलीतही करता येते. मात्र दररोज मोजून मात्रा द्यावी लागते, तुरटीमुळे पाण्यात सल्फेट वाढते आणि मात्रा चुकली तर ॲल्युमिनियमचा अंश शिल्लक राहतो.

विद्युत-अपघटनाने फ्लोराइड-निर्मूलन

तुरटीतून मिळणारे ॲल्युमिनियम थेट धातूच्या पट्टीतून मिळविले तर? पाण्याच्या टाकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या समोरासमोर टांगून एकदिश प्रवाह सुरू केला असता धनाग्रावर ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन देऊन आयनरूपाने पाण्यात उतरते. ऋणाग्रावर पाण्याचे क्षपण होऊन हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि हायड्रॉक्साइड आयन शिल्लक राहतात. दोहोंच्या संयोगाने ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे ताजे, कापसासारखे पुंजके तयार होतात. फ्लोराइडचा आयन आकाराने हायड्रॉक्साइडच्या जवळपास असल्याने या पुंजक्यांत तो हायड्रॉक्साइडची जागा घेतो, काही अंशी पृष्ठभागावर अधिशोषित होतो, आणि गाळाबरोबर बाहेर पडतो. बाहेरून सल्फेट वा अन्य क्षार पडत नाहीत, हा तुरटीच्या तुलनेतील मोठा लाभ.

नीरीने या तत्त्वावर सौर ऊर्जेवर चालणारी प्रात्यक्षिक संयंत्रे उभारली. त्यांपैकी एक आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे होते. सौर पट्टिका मुळातच एकदिश प्रवाह देते आणि या घटाला नेमका तोच हवा असतो, त्यामुळे दोहोंची जोडी स्वाभाविक आहे.

एखाद्या लहान पोडाचा हिशेब मांडून पाहू. शंभर माणसे, माणशी पिण्यास व स्वयंपाकास १० लिटर, म्हणजे दिवसाला १,००० लिटर पाणी. धुण्याभांड्याच्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचे कारण नाही. फ्लोराइड लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, ते १ वर आणावयाचे. म्हणजे ४ ग्रॅम फ्लोराइड काढावयाचे. एक ग्रॅम फ्लोराइडमागे १५ ग्रॅम ॲल्युमिनियम लागते असे धरू (हे प्रमाण पाण्याच्या गुणधर्मानुसार बदलते), तर ६० ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळावे लागेल. अँपिअर-तासाला ०.३३६ ग्रॅम या दराने ही गरज सुमारे १७९ अँपिअर-तासांची होते. ५० अँपिअर प्रवाहाने काम साडेतीन तासांहून थोड्या अधिक वेळात होईल. घटाचे विभवांतर १२ व्होल्ट धरले तर वीज लागेल दोन युनिटांपेक्षा किंचित जास्त. एक किलोवॅटच्या सौर पट्टिकांना स्वच्छ उन्हात हे जड नाही. वर्षभरात झिजणारे ॲल्युमिनियम सुमारे २२ किलो. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम थोडे रासायनिक रीतीनेही विरघळते, त्यामुळे फॅरेडेच्या हिशेबापेक्षा धातूची झीज काहीशी अधिक दिसते. विद्यार्थ्यांना नियमाचा भंग झाल्याचा भास होतो तो येथेच.

हाच हिशेब आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्यांकडे संयंत्र उभारताना दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. १७९ अँपिअर-तासांत ऋणाग्रावर सुमारे ८० लिटर हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांपलीकडे गेला की मिश्रण ज्वालाग्राही होते. म्हणून टाकी बंदिस्त खोलीत ठेवू नये, वर मोकळी हवा असावी आणि जवळ विडी-काडी पेटवू देऊ नये. दुसरी गोष्ट गाळाची. ६० ग्रॅम ॲल्युमिनियमपासून कोरड्या स्थितीत सुमारे १७३ ग्रॅम हायड्रॉक्साइड बनते. ओला गाळ त्याच्या कितीतरी पट भरतो, आणि पाण्यातून काढलेले सारे फ्लोराइड त्यात असते. तो नाल्यात किंवा विहिरीच्या काठी टाकला तर श्रम वाया गेले. त्याच्यासाठी तळाला अस्तर असलेला वाळवणीचा वाफा हवा.

कार्यक्षमता सर्वाधिक असते ती पाण्याचा पीएच ६ ते ७ च्या आसपास असताना. आपल्याकडील फ्लोराइडयुक्त पाणी बहुधा अल्कधर्मी, बायकार्बोनेटयुक्त असते. त्यात हायड्रॉक्साइड आयन फ्लोराइडशी जागेसाठी स्पर्धा करतात आणि ॲल्युमिनियम अधिक खर्ची पडते. तेव्हा दुसऱ्या गावाच्या पाण्यावर ठरविलेली वेळ व प्रवाह जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल. प्रत्येक स्रोताच्या पाण्यावर आधी प्रयोगशाळेत चाचणी व्हावी. हे काम आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांना सहज जमण्यासारखे आहे : एक काचपात्र, ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, एकदिश प्रवाहाचा स्रोत आणि फ्लोराइड मोजण्याचे आयन-निवडक विद्युताग्र एवढ्यावर ते होते.

नेहमीची अडचण पट्ट्यांची. ऋणाग्रावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कवच चढते, धनाग्रावर ऑक्साइडचा निष्क्रिय थर बसतो. प्रवाह घटतो आणि पाणी वरवर तसेच दिसत असले तरी फ्लोराइड कमी होत नाही. ठरावीक काळाने दोन्ही अग्रांची जोडणी उलट केल्यास कवच बऱ्याच अंशी सुटते, तरीही पट्ट्या अधूनमधून सौम्य आम्लाने धुवाव्या लागतात. प्रक्रियेनंतर गाळ पूर्ण बसू देऊन पाणी वाळूच्या गाळणीतून काढावे लागते, कारण ॲल्युमिनियमचीही मर्यादा आहे : लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास ०.२ पर्यंत.

आर.ओ. यंत्रेही फ्लोराइड काढतात. पण ती पाण्याचा मोठा भाग टाकाऊ म्हणून वेगळा करतात आणि त्या टाकाऊ पाण्यात फ्लोराइड अधिक संहत झालेले असते. उन्हाळ्यात हातपंपावर हंड्यांची रांग लागणाऱ्या गावात हे परवडत नाही. ज्या गावाला नदी-धरणाचे किंवा कमी फ्लोराइडच्या उथळ विहिरीचे पाणी देता येते, तेथे अर्थातच तेच द्यावे. कोणतेही संयंत्र त्याची बरोबरी करू शकत नाही. विद्युत-अपघटनी संयंत्राचा विचार करावयाचा तो नळयोजनेपासून दूर असलेल्या, शे-दोनशे वस्तीच्या पोडांसाठी. तेथे प्रवाहमापकाचा काटा रोज पाहणारी, पट्ट्या धुणारी आणि दर महिन्याला पाण्याचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचविणारी एक प्रशिक्षित व्यक्ती वस्तीतलीच असावी आणि तिच्या मानधनाची तरतूद संयंत्राच्या मूळ अंदाजपत्रकातच धरलेली असावी.